विल्फीचा पांढरा तळहात

शेजाऱ्यांकडे मेरीचा फोन आला तेव्हा मी कुकर लावत होते. "सुनंदा, विल्फी गेला गं," एवढंच बोलली ती. विल्फी म्हणजे तिचा नवरा, आणि आमच्या अंधेरीच्या प्रयोगशाळेत माझा सीनियर. मी नुसतं "हो" म्हटलं, घरी आले, कुकर गॅसवर चढवला आणि मग ओट्याला टेकून खाली बसले... त्याला आता सव्वा महिना झाला.

आमच्या खोलीला जाड काळे पडदे होते, त्यामुळे तिथे भरदुपारीही संध्याकाळच असायची. तपासणीच्या कॅमेऱ्यात तो गार ठेवायला द्रवरूप नायट्रोजन ओतला की पांढरी वाफ टेबलावरून सांडायची आणि पायांपाशी लोळत राहायची. हा कॅमेरा उजेड नाही, ऊब बघायचा. फायबरचा तक्ता थरावर थर चिकटवून बनतो, आणि आतले दोन थर नीट चिकटले नसतील तर वरून कुणाच्या बापाला कळत नाही. आम्ही दिव्यांनी तक्ता तापवायचो. आत पोकळी असेल तिथली ऊब खाली उतरत नाही, वरच अडकते. बाकी सगळं काळवंडलं तरी स्क्रीनवर तेवढा पांढरा डाग मागे राहतो.

विल्फी मरोळ गावठाणातला. तपासणीआधी प्रत्येक तक्त्यावर तळहात टेकून काहीतरी पुटपुटायचा. "अरे, नवरी आहे का ती, आशीर्वाद द्यायला?" मी चिडवायचे. "गप गं. याच्या भरवशावर माणसं समुद्रात जातात," तो म्हणायचा. मग तक्त्यात राहिलेल्या उबेने स्क्रीनवर त्याचा पांढरा हात उमटायचा, पाचही बोटं, आणि हळूहळू विरत जायचा. हाताचा ठसा पूर्ण मिटल्याशिवाय तापवायचे दिवे लावायचे नाहीत, हा त्याचाच नियम. तेवढी दोन-तीन मिनिटं आम्ही काही बोलायचो नाही. वाफेत पाय बुडवून त्या बोटांकडे बघत बसायचो. इतकं शांत मला घाटकोपरच्या आमच्या घरात कधी वाटलं नाही.

एकदा साकीनाक्याच्या एका कारखान्याने वेसाव्याच्या कोळ्यांसाठी होडी बांधायला घेतली. तिच्या तळाचा तक्ता आमच्याकडे आला. मालक बाहेर तपासणीच्या दाखल्यासाठी ताटकळत होता, सारखा दार ठोठावत होता. वैतागून विल्फीने ठसा मिटायच्या आधीच दिवे लावले. तळव्यापाशी पांढरं राहिलं. "माझाच हात दिसतोय," तो म्हणाला आणि सही करायला वळला. मी बघतच होते. बोटं विरली, मनगट विरलं, तळव्याखालचा एक तुकडा मात्र जाईना... मी तोंड उघडलं नाही. मला अजून नोकरीत कायम केलं नव्हतं, आणि विल्फीची चूक काढणारी मी कोण? खोटं कशाला बोलू, घाबरले मी. त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

दोन दिवसांनी विल्फी स्वतःच अस्वस्थ होऊन कारखान्यात गेला. त्याच जागी नाण्याने ठोकून पाहिलं, तर आवाज पोकळ. सगळ्यांदेखत तक्ता कापायला लावला. आतल्या दोन थरांमध्ये कंगवा सरकत होता. होडी पाण्यात गेली नव्हती, हे नशीब. मग आमच्या साहेबांपुढे उभा राहून म्हणाला, "चूक माझी. खोलीत मी एकटाच बघत होतो." साहेबांनी कॅमेरा त्याच्याकडून काढून घेतला आणि माझ्या ताब्यात दिला. पुढल्या महिन्यात मी कायमही झाले.

परवा मरोळला गेले तेव्हा मला राहवेना. मेरीचा हात धरून म्हटलं, "तो डाग मलाही दिसला होता गं. मी बोलले नाही."

मेरीने डोळे पुसले. "ठाऊक होतं त्याला. म्हणायचा, सुनंदाचे डोळे माझ्यापेक्षा तेज, तिला दिसलं नाही असं होणारच नाही. मी म्हणायचे, मग विचार ना तिला सरळ. तर म्हणायचा, नको, ती आपणहून सांगेल."

प्रयोगशाळेत माझ्या खुर्चीच्या उजव्या हाताला त्याचं स्टूल अजून तसंच आहे. कॅमेरा माझ्याकडे आल्यापासून पाच वर्षं तो त्याच्यावर बसून मला शिकवत होता. मधेच बोलायचा थांबायचा आणि नुसता माझ्याकडे बघत राहायचा. मला वाटायचं, दमला असेल.