तिच्या लॅपटॉपमधला कर्नल

तापलेल्या लॅपटॉपचा धुळकट वास आला की लातूरच्या कॉलेजातली लॅब आठवते. प्रोजेक्ट दाखवायच्या दिवशी चाकूरच्या एका मुलीच्या लॅपटॉपवर जागा उरली नव्हती. "ती कर्नलची फाइल लई जुनी हाय, उडव की," मागच्या बाकावरून एकजण म्हणाला. तिनं उडवली. प्रोग्रॅमचं मागणं यंत्रापर्यंत पोचवणारा कर्नलच गेल्यावर, बंद केलेला लॅपटॉप पुन्हा सुरू होईना. मागचा बाक हसला. "सर, प्रोजेक्ट आतच हाय," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "मग काढ की बाहेर," म्हणत सरांनी शून्य दिलं. अशा वेळी पेनड्राइव्हवरून यंत्र चालू करून फाइली काढता येतात, हे पुढच्या तासाला त्यांनीच शिकवलं, तिचाच लॅपटॉप टेबलावर घेऊन. ती पद्धत मी आजही वापरतो.