पोरांच्या जेलातला बांबू-मास्टर

एका जागी वीस वर्षं बसलं की किस्से शोधायला जावं लागत नाही. बांबू सोलताना पायाशी कीस साचतो, तसे ते साचतात. आज झाडून काढा, उद्या पुन्हा तेवढेच!

बालाघाटजवळ पोरांचं एक सुधारगृह होतं. पाटीवर नाव मोठं होतं, पण लोक त्याला 'पोरांचा जेल' म्हणत. चोरी, मारामारी, खिसेकापूपणा करून कोर्टातून आलेली बारा ते सतरा वर्षांची बत्तीस पोरं तिथं राहत. मी त्यांना बांबूच्या टोपल्या, सुपं विणायला शिकवायचो. माझा बाप भरवेलीच्या खाणीत कामाला होता आणि मी स्वतः चौथी पास. पोरं मला 'मास्टर' म्हणून हाक मारत, तेव्हा पहिले काही महिने मी मागं वळून पाहायचो, की कोण मास्टर आला!

* * *

पहिल्याच दिवशी सुपरिंटेंडंट साहेबांनी मला पंधरा सुऱ्या मोजून दिल्या. दारावरचा शिपाई हळूच म्हणाला, "मास्टर, ज्याईच्या हातून सुऱ्या काढून घेतल्या, त्याईच्याच हातात पुन्हा देऊन राह्यले तुमी!"

भीती मलाही होती. पण बांबू काही दातांनी सोलता येत नाही.

संध्याकाळी मी पोरांना सांगितलं, सुऱ्या पेटीत टाका, आणि हात धुवायला गेलो. ही चूकच. सुरी एकेकाकडून हातात मोजून घ्यायची असते. परत आलो, मोजल्या. सोळा! पुन्हा मोजल्या. सोळाच.

सोळाव्या सुरीला लाकडी मूठ नव्हती, चिंधी गुंडाळलेली होती. मी पोरांकडं पाहिलं. सगळी पोरं जमिनीकडं पाहत होती.

साहेबांनी दारातून विचारलं, "सगळ्या आल्या?"

मी म्हटलं, "एकही कमी नाही साहेब!"

* * *

साहेब बालाघाटच्या जुन्या नोकरदार मराठी घराण्यातले. इस्त्रीचे कपडे, घड्याळाप्रमाणे चालणं, हसणं नाही. पण त्यांनी एक पद्धत पाडली होती. शनिवारी पाच पोरांची पंचायत बसायची आणि आठवड्यातल्या गुन्ह्यांचा निवाडा पोरंच करायची.

एकदा सलीमनं स्वयंपाकघरातला गूळ चोरला. आमच्या जानकीबाई स्वयंपाक करायच्या. परसवाड्याकडच्या शेतकरी घरातल्या विधवा, तोंडानं फटकळ. त्या म्हणाल्या, "याचे हात बांधून ठेवा!"

पंचायतीनं डोकं खाजवलं आणि शिक्षा दिली. पंधरा दिवस सगळ्यांना गूळ सलीमनंच वाटायचा, आणि स्वतः सर्वांत शेवटी घ्यायचा.

पहिल्या दिवशी गूळ शेवटापर्यंत पुरला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सलीम खडे लहान लहान करायला शिकला. लहान पोरांना थोडा मोठा खडा द्यायलाही शिकला. दहाव्या दिवशी तो पंचायतीपुढं येऊन उभा राहिला आणि रडकुंडीला येऊन म्हणाला, "दूसरा चोर ढूँढ लो भाई! इससे तो मार खाना अच्छा था!"

* * *

बिसन लामत्याकडचा. रजिस्टरमध्ये सतरा नंबर. चौदा वर्षांचा, बाप मेलेला, घरी एकटी आई. दुकानातून धानाच्या बियाण्याचं पोतं उचललं म्हणून आमच्याकडं आलेला.

दिवाळीच्या आधी तो एकदा पळाला. पोलिसांनी चार दिवसांनी आणून सोडला. शिपायानं विचारलं, "काहून पळाला बे?"

"काम होतं."

"तुले कायचं काम? तू काय कलेक्टर लागून गेला?"

सगळे हसले. बिसन हसला नाही.

पुढच्या मृगात पुन्हा पळाला, पुन्हा आणला. साहेबांनी विचारलं, "आता काय काम होतं?"

"तेच."

आमच्याकडं नियम असा होता की तिसऱ्यांदा पळालेल्या पोराची रवानगी मोठ्या जेलात. संध्याकाळी सहाच्या गणतीला एकदा 'गैरहजर' लिहिलं, की रिपोर्ट कोर्टात जायचा आणि मग साहेबांचंही काही चालत नसे. तिथं गेलेली दोन पोरं सुटल्यावर मी बाजारात पाहिली होती. त्यांनी मला ओळखलं, पण मला ती ओळखू आली नाहीत.

त्या दिवसापासून मी बिसनला माझ्या शेजारी बसवू लागलो. त्याचा हात फार सुबक होता. मी त्याला म्हटलं, "आता नको पळू रे बाबू."

तो म्हणाला, "हौ जी." त्याच्या 'हौ'चा अर्थ मला लागला नाही.

* * *

भेटीच्या रविवारी एका पोराचा बाप यायचा. न्हावी होता. पोरगा वर्षभर बापाशी बोलला नव्हता. बाप समोर बसायचा, तासाभरानं उठून जायचा.

एका रविवारी त्यानं धोपटी आणली. पोराला पुढ्यात बसवलं आणि मुकाट्यानं केस कापले. ते बघून दुसरा पोरगा येऊन बसला, मग तिसरा. पाहता पाहता ओळ लागली. उन्हं उतरेपर्यंत त्यानं बत्तीस डोकी केली. विसाव्या डोक्यापाशी त्याच्या पोरानं कोपऱ्यातला झाडू उचलला आणि बापाभोवतीचे केस लोटायला लागला. बोलला नाहीच. पण शेवटपर्यंत झाडू खाली ठेवला नाही.

जाताना बाप मला म्हणाला, "मास्टर, बाहेर लोक काय काय म्हंतेत यायले. हात लावून पाह्यलं म्या आज. सगळ्याईचे डोके सारखेच हायेत जी."

* * *

एकदा मोठे अधिकारी तपासणीला आले. पोरांकडून आठ दिवस उत्तरं पाठ करून घेतली होती. अधिकाऱ्यांनी सगळ्यांत लहान पोराला जवळ घेतलं आणि प्रेमानं विचारलं, "घर जाना है, बेटा?"

पोरानं छाती काढून खणखणीत सांगितलं, "जी नहीं! हम यहाँ बहुत सुखी हैं!"

आणि भोकाड पसरलं.

* * *

मृगातल्या पळण्याला दीड महिना झाला असेल. दुपारी सतरा नंबरची थाळी तशीच राहिली. बिसन तिसऱ्यांदा पळाला होता.

मी कपाळाला हात लावून बसलो. जानकीबाई म्हणाल्या, "मास्टर, दिवस कोनते चालू हायेत?"

"काहून?"

"धान रोवण्याचे! मांगं पळाला तवा पऱ्ह्याचं बी टाकाचे दिवस होते. त्याच्या आंधी धान कापाचे. तुमी खाणीतले, सायेब हापिसातले. तुमाले काय समजते! जा, बांधीत सापडन तो."

मी साहेबांना जाऊन सांगितलं. त्यांनी घड्याळ पाहिलं. "गणती सहाला आहे," एवढंच म्हणाले.

छोट्या रेल्वेगाडीनं लामत्याला उतरलो आणि विचारत विचारत निघालो. बिसन आपल्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, गुडघाभर चिखलात वाकून धान रोवत होता. आईच्या पायाला मोठं गळू झालेलं. ती बांधावर बसून त्याला रोपांच्या जुड्या फेकून देत होती. मला पाहून तो पळाला नाही.

"मास्टर, एक बांधी राह्यली. एवढी रोवू द्या, मंग टाका जेलात."

"परतीची गाडी चुकंल रे! सुट्टी काहून नाही मागितली?"

"मांगतली असती तं देल्ली असती काय?"

पऱ्ह्यांची रोपं उपटून ठेवलेली होती, उन्हानं माना टाकत होती. मी धोतर खोचलं आणि चिखलात उतरलो. आयुष्यात कधी रोवलं नव्हतं. त्याची आई बांधावरून ओरडली, "मास्टर, मांगं मांगं सरका जी! रोवलेलं तुडवून राह्यले तुमी!"

दूर गाडीची शिटी ऐकू आली. आम्ही दोघांनीही मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं परतलो. ऑफिसात साहेब बसले होते.

"साहेब, चूक माझी आहे. गाडी चुकली."

साहेबांनी आमच्या पायांकडं पाहिलं. चारही पोटऱ्यांवर चिखल वाळला होता.

"झालं का रोवणं?" त्यांनी बिसनला विचारलं.

"हौ जी. पर मास्टरच्या वळी वाकड्या हायेत."

साहेबांनी पोरांचं रजिस्टर उघडून माझ्यापुढं सरकवलं. कालची तारीख, सहा वाजता, खाली त्यांची सही. सतरा नंबरपुढं लिहिलं होतं, 'हजर'.

"साहेब, हा तर..."

"मी सतरा म्हणालो. स्वयंपाकघराकडून 'हाजिर' असा आवाज आला. मी लिहिलं."

दारात जानकीबाई उभ्या होत्या. त्यांनी पदर सारखा केला आणि स्वयंपाकघराकडं निघून गेल्या.

मग साहेबांनी दुसरं रजिस्टर काढलं, नोकरमाणसांचं. त्यात माझ्या नावापुढं लाल शाईनं लिहिलं होतं, 'रजा न घेता गैरहजर'.

"इथं सही करा, मास्टर."

मी केली.