पतंगाच्या कागदाचं विमान

लग्नानंतर आमचं पहिलं धड बोलणं झालं, ते भांडणच होतं. विमानावरून.

आज तिला जाऊन वर्ष झालं. रडकं काही लिहीत नाही. तिला ते अजिबात आवडलं नसतं.

पन्नासच्या दशकातलं कोल्हापूर. मी शाळेत सायन्स शिकवायचो. ही शिरोळची, नवी नवरी. घर माणसांनी भरलेलं. त्यामुळं काही महिने आमचा संवाद म्हणजे "पाणी देऊ?" आणि "जेवण झालं."

अशात गावात मॉडेल विमानांची स्पर्धा जाहीर झाली. खऱ्या विमानाची हुबेहूब छोटी प्रतिकृती, सगळी मापं स्केलमध्ये.

माझी पहिलीच स्पर्धा. मी मासिकातून चार इंजिनांच्या बॉम्बरचा फोटो कापला आणि ऐटीत भिंतीला लावला.

केर काढता काढता ही थांबली.

"ह्ये मागनं कसं दिसतंय?"

मला माहीत नव्हतं. फोटो एकाच बाजूचा होता.

"मग करणार कसं? डोळ्यांनी बगितलंय त्येच करावं की माणसानं."

मी चिडलो. तुला काय कळतंय, असं बोलून गेलो आणि रंकाळ्यावर जाऊन बसलो.

तिथं बसल्यावर तिचं म्हणणं पटलं.

रविवारी आईला सांगितलं, आम्ही दोघं अंबाबाईला जातो. दर्शन खरंच घेतलं. मग सायकलवर डबलसीट, थेट उजळाईवाडीचं विमानतळ.

तिथं ट्रेनिंगचं छोटं विमान उभं होतं. वर-खाली दुहेरी पंखांचं. "ह्येच करा की," ही म्हणाली.

राखणदारानं आधी हाकललंच. हिनं त्याला त्याचं गाव विचारलं. तो निघाला शिरोळ भागातला. मग त्यानंच आम्हाला विमानाभोवती फिरवून आणलं.

मी टेप धरला. हिनं मापं पाठ केली, कारण मास्तर कागद-पेन्सिल घरी विसरले होते.

बांबूच्या कामट्या तासून सांगाडा मी बांधला. त्यावर पतंगाचा कागद हिनं चिकटवला, तांदळाच्या खळीनं. आईनं पहिल्यांदा नाक मुरडलं. मग खळ पातळ झाली म्हणून स्वतःच ढवळायला बसली.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी हिनं पंखांवर पाणी शिंपडलं. कागद लोंबायला लागला.

मी म्हटलं, वाट लावलीस सगळ्याची.

"वाळू द्या की. मग बोला."

वाळल्यावर कागद असा ताणून बसला, की एक सुरकुती दिसेना.

पहिला नंबर एका वकिलांच्या जेटला गेला. आमचा तिसरा.

परीक्षकांनी पंखावरून बोट फिरवलं आणि विचारलं, कागद कुणी लावला?

त्या काळी नवरे चारचौघांत बायकोचं नाव घेत नसत. "घरातनं केलंय" म्हणायचं आणि विषय संपवायचा. मीही तेच म्हणणार होतो.

पण ती बायकांच्या रांगेत टाचा उंचावून विमानाकडं बघत होती.

"सुशीलानं," मी मोठ्यानं म्हणालो. "माझ्या बायकोनं. विमानसुद्धा तिनंच निवडलंय."

हॉलमध्ये हशा पिकला. तिनं पदर तोंडावर ओढला.

परतीच्या वाटेवर ती एक शब्द बोलेना. विमान मांडीवर घेऊन कॅरियरवर बसली होती. मला वाटलं, आता माहेरी निघते.

बिंदू चौक ओलांडला आणि मागून हळूच आवाज आला.

"परत एकदा म्हणा की."

"सुशीला," म्हटलं. घर येईपर्यंत म्हणतच राहिलो.

सुशीला, तुला माझा प्रेमाचा नमस्कार.