मच, मेनी आणि थोबाडीत

आमच्या वेळच्या मास्तरांचं कौतुक माझ्यापुढं कुणी करू नये. ‘ते कडक होते म्हणून आपण शिकलो,’ असं माझ्या वयाचे लोक लग्नकार्यात पान जमवत म्हणतात, तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. मी शिकलो हे खरं. कुणाच्या गालावर शिकलो, तेही मला ठाऊक आहे.

निजामाचं राज्य होतं. हिंगोलीच्या आमच्या शाळेत सगळं उर्दूतून चाले, इंग्रजीसुद्धा. घरी मराठी बोलणाऱ्या पोरानं इंग्रजीचा नियम उर्दूत पाठ करायचा. मास्तर स्वतः मराठीच, पण वर्गात मराठी शब्द तोंडातून काढत नसत. माझा जोडीदार तर लमाणांच्या तांड्यावरचा. त्याची घरची बोली आणखी निराळी, म्हणजे इंग्रजी ही त्याची चौथी भाषा. त्या तांड्यावरून शाळेत आलेला तो पहिलाच. माझं गाव पुसेगाव, त्याचा तांडा तिथून कोसभर. रोजचं जाणंयेणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून आम्ही दोघांनी मिळून हिंगोलीत एक खोली घेतली होती. भाकऱ्या तो थापायचा, पाणी आणि भांडी माझ्याकडे. त्याच्या हातचं खातो, हे मी घरी सांगितलं नव्हतं.

मास्तरांची एक रीत होती. एकच प्रश्न एकेकाला विचारत पुढं जायचं. ज्याला उत्तर येईल त्यानं आधी चुकलेल्या सगळ्यांचं डाव्या हातानं नाक धरायचं आणि उजव्या हातानं थोबाडीत द्यायची. हळू मारली तर मास्तर उठून, कशी मारायची ते मारणाऱ्याच्याच गालावर दाखवत. स्वतःचा हात दुखू नये म्हणून पोरांचे हात वापरणारा हा माणूस, आणि गावात याला देवमाणूस म्हणत.

इंग्रजी मला सोपं जाई. मोजता येतं त्याला मेनी, येत नाही त्याला मच. फ्यू म्हटलं की जवळजवळ नाहीच, अ फ्यू म्हटलं की थोडे तरी आहेत. लेट आणि मेक यांच्यामागून येणाऱ्या क्रियापदाला टू लागत नाही. मी पोपटासारखा घडाघडा म्हणायचो. तो अडायचा, कारण तो विचार करायचा. एकदा त्यानं मोडक्यातोडक्या उर्दूत विचारलं, की ज्वारीला मच का, आम्ही तर ती पायलीनं मोजतो. यापेक्षा शहाणा प्रश्न त्या वर्गात कुणी विचारला नाही. वर्ग हसला, मास्तर हसले. मग मास्तरांनी नियम माझ्याकडून म्हणवून घेतला आणि मला त्याचं नाक धरायला लावलं. सकाळी त्याच्या हातची भाकर खायची आणि दुपारी त्याला मारायचं, असं किती दिवस चाललं कोण जाणे.

शेवटी मीच त्याला म्हणालो, की तुझं चुकलं तर मीही येत नाही म्हणेन, दोघं मिळून तिसऱ्याच्या हातची खाऊ.

“बराबर हाय,” तो म्हणाला. “दुसऱ्याच्यानं इतकं लागत न्हाई.”

महिनाभर मी शब्द पाळला. मास्तर म्हणू लागले, याच्या डोक्यात भुसा शिरला. मी ऐकून घेत होतो.

मग तपासणीला साहेब आले. मेकचं वाक्य विचारलं गेलं आणि ते आधी माझ्या जोडीदाराच्या वाट्याला आलं. तेच वाक्य त्यानं सकाळी भाकरी थापता थापता मला न चुकता म्हणून दाखवलं होतं. पण साहेबांपुढं त्याची दातखीळ बसली. साहेबांनी माझ्याकडं बोट केलं. येत नाही एवढंच म्हणायचं होतं मला. मी उत्तर दिलं, नियमासकट दिलं. साहेब शाबास म्हणाले, मास्तरांनी मानेनं खूण केली आणि मी त्याचं नाक धरलं. हळू मारता आली असती, साहेबांदेखत मास्तर काही उठले नसते. मी जोरात मारली. साहेबांना दिसावं म्हणून मारली. मास्तरांवरचा राग मी आयुष्यभर बोलून दाखवला, या एका थोबाडीतीचा विषय कुणापाशी काढला नाही.

त्यानं गालाला हातही लावला नाही. दुसऱ्या दिवशी उठलो तर त्याची घोंगडी जागेवर नव्हती. माझ्यापुरत्या भाकऱ्या तेवढ्या टोपल्यात झाकून ठेवलेल्या.

जुम्म्याच्या सुट्टीला मी तांड्यावर गेलो. त्याला परत आणायचंच असं ठरवून गेलो होतो, पाया पडायचीही तयारी होती. तो दावणीपाशी म्हशीला चारा टाकत होता. माझ्याकडं बघून हसला, पण जवळ आला नाही. त्याच्या आईनं मला ओट्यावर बसवलं.

“लेकरा, हा आता शाळंत जात न्हाई म्हणून राहिला,” ती म्हणाली. “तिथं मारतेत म्हणतो. कोण मारतंय ते सांगत न्हाई. तू तर त्याचा दोस्त. तू सांग, कोण मारतंय?”

तो हातातला चारा तसाच धरून उभा होता.

“मास्तर,” मी म्हणालो.

“व्हय, मास्तरच,” तो म्हणाला. मग आईला म्हणाला, “याला दूध दे. लांबून चालत आला.”

आणि मी ते दूध प्यालो.