धाकटीच्या केसांचा नवस

माझ्या धाकट्या बहिणीला टक्कल फार शोभायचं. मी प्रेमापोटी म्हणते असं नाही, इस्पितळातल्या आयाही म्हणायच्या. साठ सालानंतरची गोष्ट. ती चार वर्षांची, मी अकराची. आंघोळ घालताना आईच्या हाताला तिच्या पोटात गाठ लागली आणि शहापूरच्या डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन आम्हाला मुंबईला धाडलं. कॅन्सर हा शब्द मी तिथेच पहिल्यांदा ऐकला.

ऑपरेशन झालं. मग डॉक्टरांनी आईला समोर बसवून नीट सांगितलं. एक नवं इंजेक्शन आहे, इथे अजून मोजक्याच मुलांना दिलंय. गुण येईलच असं नाही, पण दिलं नाही तर गाठ परत येईल आणि मग पोर हाती लागायची नाही. उलट्या होतील, केस जातील. आईनं एवढंच विचारलं, "केस परत येतील ना?" ते हो म्हणाले. आईनं अंगठा उठवला. बा तेव्हा लावणीसाठी आटगावजवळच्या आमच्या गावी परतला होता. केसांचं त्याला कुणी सांगितलंच नाही.

इंजेक्शनचे दिवस सोडले तर धाकटी त्या वॉर्डची पाटलीण होती. चौकटीच्या चादरीवर झाडूच्या काड्या मांडून ती भाताची लावणी करायची आणि शेजारच्या खाटांवरच्या पोरांना मजुरीला लावायची. एकदा तर नर्सबाईंनाच दटावलं, "वळ वाकडी चाललीय गो तुजी." बाई बिचाऱ्या ओळ सरळ करत बसल्या.

तिसऱ्या आठवड्यात केस गळू लागले. पोराचे केस पायदळी येऊ द्यायचे नाहीत, ही आमच्याकडची रीत. आई रोज सकाळी उशीवरचे केस वेचून फडक्यात बांधून ठेवायची. सगळं डोकं गुळगुळीत झालं, आणि नेमका त्याच दिवशी बा आला.

त्यानं धाकटीकडे पाहिलं आणि आमचे कपडे पिशवीत भरायला घेतले.

"ह्यांनाच ठाव नाय औषध कसलं ते," तो म्हणाला. "आपल्या पोरीवर करून बघतात. चला घरी."

तो घाबरला होता. पण घरी गेलो तर काय होईल हे मी डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं होतं.

आईनं फडकं पुढे केलं. "गावदेवीला बोललेवते, पोर बरी झाली तं केस देईन. तिनं आधीच घेतलं. आता बरं करणं तिचं काम. आपण मधीच उठलो तं तिला काय तोंड दाखवायचं?"

बा थांबला. डॉक्टरांशी तो भांडला असता, गावदेवीशी भांडायची त्याची छाती नव्हती. तो माझ्याकडे वळला. "खरं का गो? तू व्हतीस ना तवा?"

मी होते. आई खण-नारळ बोलली होती. केसांचं तिनं नावही काढलं नव्हतं.

"हो बा," मी म्हटलं. "मी ऐकलंय."

कपडे पिशवीतून पुन्हा बाहेर आले.

दिवाळीनंतर डॉक्टरांनी हसत घरी सोडलं. गाठ नव्हती. धाकटीच्या डोक्यावर मऊ लव आली होती आणि येणारा-जाणारा हात फिरवून जायचा. बानं तिला खांद्यावर घेतलं आणि वाजतगाजत गावदेवीला नेलं. वाटेत भेटेल त्याला तो नवसाची गोष्ट इतकी रंगवून सांगत होता, की मलाच ती खरी वाटायला लागली.

आईनं केसांचं फडकं देवीपुढे ठेवलं. बा धाकटीला घेऊन बाहेर नारळ फोडत होता. आई डोकं टेकून पुटपुटली, ते मी मागे उभी राहून ऐकलं. "तुजं नाव घेऊन खोटं बोलले. जे काय असंल ते माझ्यावर घाल. थोरलीला धरू नको, ती माझ्यापायी बोलली."

मला रडू फुटलं. बाहेर नारळाचं पाणी सांडलं म्हणून धाकटी बाला फैलावर घेत होती. मी आईशेजारी डोकं टेकलं आणि देवीला हळूच सांगितलं, हिचं ऐकू नको, मी आपणहून बोलले.