कस्तुराबाईचं प्लास्टर

तिकोणा पेठेत भिमाजी हाडं बसवायचा. बापाने मरताना शपथ घातली होती, हाडाचा पैसा घ्यायचा नाही. नारळ तेवढा घ्यायचा, तोही फोडून अर्धा परत द्यायचा. त्यामुळे घरात खोबरं कधी कमी पडलं नाही, आणि दुसरं काही फारसं आलंही नाही.

लोणावळ्यात नवा डॉक्टर बसला तेव्हापासून भिमाजी आतून जळू लागला. डॉक्टर बाटलीचे पैसे वेगळे घ्यायचा, खाटेचे वेगळे, आणि हात लावायच्या आधी घ्यायचा. मोडलेल्या पायापायी दत्तोबाला म्हैस विकावी लागली. गावात परतला तो शिव्या देतच, पण प्लास्टरचा पांढराशुभ्र पाय पारावर पसरून बसला. "भरदिवसा लुटलं रं मला!" असं सांगताना त्याची छाती फुगायची. ऐकणारे त्या पायाला बोट लावून बघायचे. भिमाजीने बांधलेल्या बांबूच्या कामट्या मात्र बरं वाटलं की लोक चुलीत घालत.

"दरोडेखोर हाय त्यो," भिमाजी घरी रोज म्हणायचा.

मग त्याची बायको कस्तुराबाई ओढ्यावर घसरली. मनगट मोडलं. भिमाजी तेल कोमट करून समोर बसला, तर तिने हात पदराखाली घेतला.

"मला लोणावळ्याला न्या. माजी कानातली कुडी मोडा."

"येडी का काय? सगळ्या गावाची हाडं मी बसवली!"

"व्हय. आन् सरुबाईचा हात वाकडाच ऱ्हायला. बोलली का ती कायी? नारळ दिऊन गेली बिचारी. फुकट करनाऱ्याला जाब कोन इचारनार? डाक्टर पैसं घेतो, त्याच्याशी भांडता तरी यील."

भिमाजीने गाडी जुंपली.

दवाखान्यात डॉक्टरने मनगट हातात घेतलं. भिमाजी ठेवतो तिथंच त्याने अंगठा ठेवला आणि ओढलं. कस्तुराबाईने कळ सोसली, मग धीटपणे विचारलं, "वाकडं ऱ्हायलं तर?"

"परत या. त्याचे वेगळे पडतील."

तरी तिने समाधानाने मान हलवली. इतक्या वर्षांच्या संसारात भिमाजीला तिने असं काही कधी विचारलं नव्हतं. त्याला वाटलं, आपल्यासमोर बायको दुसऱ्या कुणाची झाली.

घरी आल्यावर ती ओटीवर बसून बायकांना प्लास्टर दाखवू लागली. "मेल्यानं कुडी खाल्ली माजी," म्हणायची, अन् हात जरा वर धरायची.

त्याच दिवसांत अंबाजी निखळलेलं कोपर घेऊन आला. काखेत नारळ होता.

"नारळ ऱ्हाऊ दे," भिमाजी म्हणाला. "दोन रुपये पडतील. आधी."

अंबाजी हसला. मग त्याची नजर कस्तुराबाईच्या पांढऱ्या हातावर गेली आणि हसू मावळलं. त्याने कनवटीचे दोन रुपये काढून ठेवले. भिमाजीच्या जिवाला गार वाटलं. त्याने अंगठा हाडावर टेकवला.

"भाऊ," अंबाजी म्हणाला, "नीट बसंल न्हवं? वाकडं ऱ्हायलं तर?"

ओटीवरून कस्तुराबाई बघत होती. भिमाजीचा अंगठा जिथं टेकला होता तिथंच राहिला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला दाबायचं धाडस होईना.