सूपभर कोंडा

साल दोन हजार एक. माझं वय पंचावन्न. वसमतला एका वकिलाच्या हापिसात मी फरशीवर बसलो होतो. दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. "खाली बैस," वकील म्हणाला. मला लेक असता तर त्याच्या वयाचा असता.

मांडीवर कोंडाबाई, सात वर्षांची. माझ्या धाकट्या भावाची पोरगी, पण तान्ही असल्यापासून आमच्या घरी. तिची माय तापानं गेली. मला मूलबाळ न्हाई. पोरगी कागदावर माझी व्हावी म्हणून आलो होतो.

"कशी आली रे पोरगी तुझ्याकडं?"

खरं ते सांगितलं. "सूपभर कोंड्यावर घेतली, साहेब."

वकील हसला. बाजूचे दोघं अशील हसले. "म्हंजे विकत? कडब्यासारखी?"

भावाची पहिली दोन लेकरं दगावली होती. आमच्याकडं अशा वेळी नवं लेकरू दुसऱ्या बाईनं सूपभर कोंडा देऊन घ्यायचं. मरणाला वाटावं, हे कोंड्याच्या मोलाचं, न्यावं कशाला. नावबी तेच ठेवायचं. हे सांगून राहिलो होतो, पण ऐकतं कोण.

कायदा त्यानं बराबर सांगितला, हे कबूल. पोरगी दत्तक घ्यायची तर घरात पोटची पोरगी नसावी. लेकरू पंधराच्या आतलं. बाप-पोरीत एकवीस वर्षांचं अंतर. बायकोची राजीखुशी. देणाऱ्यानं हातानं द्यावं, घेणाऱ्यानं हातानं घ्यावं. मग स्टॅम्पवर दत्तकपत्र, साक्षीदार, रजिस्ट्री. खर्च स्टॅम्पचा, रजिस्ट्रीचा अन् वकिलाचा.

"अन् लेकराबदल्यात काही दिलं-घेतलं तर जेल," तो म्हणाला. "तू तर तोंडानं कबूल केलंस. तू आत, पोरगी अनाथाश्रमात. मिटवायचं असलं तर उद्या ये. त्याची फी वेगळी."

पोरीला उचलून मी निघालो. आमच्या गावच्या, हट्ट्याच्या गाडीत कंडक्टरची खाकी दिसली अन् मी पोरीचं तोंड उपरण्याखाली झाकलं. त्यानं तिकिटाला हात पुढं केला. मला वाटलं, पोरीलाच धरतो.

घरी बायको म्हणाली, "काहून घाम फुटला?" उपरण्यानं तोंड पुसलं. पोरीला तेवढं म्हणालो, "कोणी नाव इचारलं तर कुसुम सांग. कोंडाबाई म्हणू नको."

ती चुलीपाशी बसून घोकू लागली. "माझं नाव कुसुम. माझं नाव कुसुम." मग थांबली. "आबा, कोंडाबाईला पोलीस नेतील. मग कुसुम तुमच्याकडंच राहील का?"

भेव गेलं न्हाई. पण त्याच्या खालून दुसरं काही उठलं. ज्या नावानं मरणाला फसवलं, ते नाव मी एका वकिलाला भिऊन पुसून राहिलो होतो. आमी पोरगी विकत घेतली न्हवती. तो आमाला भेव विकून राहिला होता. अन् मी गिऱ्हाईक झालो होतो.

"नाव काय तुझं?"

"कुसुम."

"न्हाई."

"कोंडाबाई," ती हळूच म्हणाली.

"जोरात."

सकाळी सूप भरून कोंडा घेतला, वर फडकं बांधलं. बायको, भाऊ अन् पोरगी संगं. वकिलाचं दार लोटलं, सूप त्याच्या टेबलावर ठेवलं, फडकं सोडलं. पंख्याच्या वाऱ्यानं कोंडा त्याच्या कागदांवर उडाला.

"हे दिलं," म्हणालो. "याला किती साल जेल, ते लिहून द्या. मग मी रजिस्ट्रीत जातो, पोरीचा कागद करायला."

अन् खुर्ची ओढून बसलो.